आमचे रेशन दुकान किती लांब आहे?

गेल्या वर्षी भूगोलाच्या प्रात्यक्षिकात सरांनी आम्हांला एक साधे काम दिले होते. आपण राहतो त्या भागाचा नकाशा काढायचा आणि त्यावर लोकांच्या गरजेची कोणतीही एक सोय दाखवायची. कुणी दवाखाने घेतले, कुणी बागा घेतल्या. एका मित्राने वडापावच्या गाड्या घेतल्या, आणि खरे सांगायचे तर वर्गात सर्वांत अचूक नकाशा त्याचाच झाला. कारण त्याची क्षेत्रभेट रोज दोन वेळा होत असे. मी रेशनची दुकाने घेतली. घरात महिन्यातून चार-सहा दिवस ज्या विषयावर बोलणे चालते, तो विषय सोपा जाईल असे मला वाटले होते.

मी सानपाड्याचा नकाशा कागदावर उतरवून घेतला, दुकाने ठिपक्यांनी दाखवली आणि प्रत्येक ठिपक्याभोवती कंपासने पाचशे मीटरचे वर्तुळ काढले. वर्तुळे एकमेकांत गेली. सारी वस्ती कोणत्या ना कोणत्या वर्तुळात आली. खाली मी निष्कर्षही लिहून टाकला की, या भागात शिधावाटपाची सोय समाधानकारक आहे. मग तो कागद कौतुकाने घरी आईला दाखवला. माझी आई गावच्या शाळेत चौथीपर्यंत गेली आहे. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "ह्यात रेल्वेचे रूळ कुठं हायेत?" मी म्हणालो, रूळ दाखवायची गरज नव्हती, विषय दुकानांचा आहे. त्यावर ती म्हणाली, "मंग ह्या गोलातून मी उडत जाऊ का?"

हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे.

सानपाडा ज्यांनी फक्त लोकलच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि खाडीकाठच्या आगरी-कोळी गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. आखली गेली हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. आधी नकाशा आणि मग शहर असा हा उलटा प्रकार. नोड, सेक्टर, भूखंड असे सारे कागदावर ठरले. एका अंगाला पाम बीच रस्ता, त्यावरचे उंच मनोरे, मग सेक्टरांतल्या इमारती, जुने गावठाण, आणि मग रेल्वेचे रूळ, कारशेड आणि सायन-पनवेल महामार्ग. या साऱ्याच्या पलीकडे तुर्भे आणि कृषी उत्पन्न बाजार समितीचे प्रचंड मार्केट. मुंबईच्या पोटात जाणारे धान्य, कांदे-बटाटे, भाजी, फळे यांचा मोठा भाग येथून जातो. माझे वडील त्याच मार्केटमध्ये हातगाडी ओढतात. पन्नास किलोची पोती त्यांच्या अंगाखांद्यावरून दिवसभर जातात. मुंबईच्या दाण्याच्या इतक्या जवळ राहून आमच्या घरात महिन्याच्या वीस किलो दाण्यासाठी इतकी चर्चा का होते, हे मला लहानपणी कळत नसे.

आमचे कार्ड जालना जिल्ह्यातल्या आमच्या गावचे आहे, आजीच्या नावावर. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातल्या माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला सरसकट पस्तीस किलो. आधी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून दोन्ही मोफत आहे. आमची चार माणसे येथे आणि आजी गावी. पूर्वी सगळे धान्य आजीच घेई आणि गावाकडून कुणी येणार असले की पोते एसटीने किंवा रेल्वेने पाठवी. धान्यापेक्षा हमालीच जास्त, असे वडील म्हणत. हमालीबद्दल त्यांचे मत ग्राह्य धरायला हरकत नाही.

पुढे 'एक देश एक रेशन कार्ड' आले. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र आणि तेलंगण अशा जोड्यांपासून त्याची सुरुवात झाली. टाळेबंदीत मजुरांचे जे हाल देशाने पाहिले त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालात ही योजना सर्व राज्यांनी लागू करावी असे बजावले, आणि २०२२ च्या मध्यापर्यंत ती देशभर झाली. आता कार्ड कुठलेही असो, कोणत्याही दुकानात यंत्रावर अंगठा ठेवून धान्य घेता येते. घरातल्या काहींनी येथे आणि काहींनी गावी असेही घेता येते. कागदावर ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी तिची टिंगल करणार नाही. तिच्यामुळे आजीचे पाच किलो गावात राहिले आणि आमचे वीस किलो येथे आले.

आले खरे, पण कसे आले ते सांगावयाचे आहे. घराजवळच्या दुकानात आई पहिल्यांदा गेली तेव्हा उत्तर मिळाले की, तुमचे कार्ड बाहेरचे, आमच्या कोट्यात तुम्ही नाही. दुसऱ्या खेपेला दुकान बंद होते. तिसऱ्या खेपेला यंत्राने तिचा अंगठा घेतला नाही. आई चार घरची भांडी घासते. त्या कामात हाताच्या रेषा राहत नाहीत. ती रडली नाही वगैरे. फक्त त्या दिवशी तिचा अर्ध्या दिवसाचा खाडा झाला हे तिने दोनदा सांगितले. मग कामावरच्या एका बाईने तिला रुळांपलीकडचे एक दुकान सांगितले. तिथला माणूस बाहेरच्या कार्डाला नाही म्हणत नाही, अंगठा उमटला नाही तर दुसरे बोट लावून पाहतो, आणि संध्याकाळी सातनंतरही उघडे ठेवतो. तेव्हापासून आमचे दुकान ते. जाताना पंचवीस मिनिटे लागतात. येताना वीस किलोच्या दोन पिशव्या, पुलाचा जिना आणि महामार्ग धरून चाळीस मिनिटे. माझ्या नकाशात मात्र आमचे घर पहिल्या दुकानाच्या वर्तुळात, अगदी मध्याजवळ आहे.

पहिल्या दुकानदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे आणि मीही काही दिवस तसे केले. पण विचार केल्यावर वाटले की त्याचीही एक बाजू आहे. त्याला क्विंटलमागे कमिशन मिळते. त्याच्याकडे येणारा माल त्याच्याकडे नोंदलेल्या कार्डांच्या हिशेबाशी बांधलेला असला, तर बाहेरच्या दहाजणांना दिलेले धान्य महिनाअखेर त्याच्या नेहमीच्या दहा गिऱ्हाइकांना कमी पडणार. सानपाडा-तुर्भे हा तर बाहेरून आलेल्या माणसांचाच भाग. माणूस फिरू लागला, कार्ड फिरू लागले. धान्यानेही त्यांच्या मागोमाग फिरले पाहिजे. आणि ते फिरायचे असेल तर माणूस कुठे आहे हे कुणाला तरी माहीत हवे. येथे नकाशाचा प्रश्न येतो.

आपल्याकडे माहिती नाही असे कुणी म्हणू नये. दुकानातले यंत्र प्रत्येक व्यवहार नोंदवते: कोणते कार्ड, किती किलो, कोणत्या दिवशी. महाराष्ट्रात पन्नास हजारांहून अधिक रास्त भाव दुकाने आहेत आणि त्यांचे दुकानवार व्यवहार संकेतस्थळावर पाहता येतात. 'मेरा राशन' नावाचे ॲप मार्च २०२१ मध्ये निघाले, त्यात जवळची दुकानेही मिळतात. एवढेच नव्हे, धान्याच्या वाहतुकीचा नकाशा सरकारने फार हुशारीने केला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'अन्न चक्र' नावाची प्रणाली सुरू केली. जागतिक अन्न कार्यक्रम आणि दिल्लीची आयआयटी यांच्या मदतीने गोदामापासून दुकानापर्यंत ट्रकने कोणत्या वाटेने जावे हे त्यात संगणक ठरवतो. त्यातून वर्षाला सुमारे २५० कोटी रुपये वाचतील असे सांगण्यात आले. ही चांगलीच गोष्ट आहे. पण माझ्या मनात येते ते असे की, ट्रकची वाट मोजली गेली, आईची वाट कुणी मोजली? गोदाम ते दुकान हा नकाशा तयार आहे. दुकान ते चूल हा कोरा आहे.

कायद्याला हे सुचले नव्हते असेही नाही. २०१५ च्या सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात लिहिले आहे की, कार्डधारकाला पोचताना अडचण येणार नाही अशा जागी दुकान असावे, आणि एका दुकानावर कार्डांची संख्या वाजवी असावी. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर अंतराला किंमतच लावली होती: काम पाच किलोमीटरच्या आत द्या, त्यापलीकडे दिले तर दहा टक्के मजुरी जास्त द्या. चालण्याला मोल आहे हे तेथे मान्य होते. माझ्या आजीकडून मी १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या आहेत. ती तेव्हा लहान होती. खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटत आणि पोरे रांगेत उभी राहत. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे, तिच्या भाकरीची चव अजून तोंडातून गेली नाही असे ती म्हणते. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. कुणी मुद्दाम दुष्काळाची आठवण गोड करू नये. पण एक गोष्ट खरी की, जेथे भुकेली माणसे जमली होती तेथेच सुकडी नेली जाई.

नकाशाने जीव वाचतात याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आमच्या पुस्तकांत असते ते लंडनचे. १८५४ साली सोहो भागात पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झालेले दिसले. इतके सर्वांना पाठ असते. पण सरांनी मला नंतर एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या नकाशात स्नो यांनी एक तुटक रेषाही काढली होती. तिच्या आतल्या लोकांना ब्रॉड स्ट्रीटचा पंप चालत जाण्यास इतर पंपांपेक्षा जवळ पडत होता. म्हणजे त्यांनी कंपास वापरला नाही. गल्लीबोळांतून माणूस प्रत्यक्ष कसा जाईल ते पाहिले. पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरला जे सुचले ते भूगोलाच्या विद्यार्थ्याला सुचू नये याची मला लाज वाटली. आईला मात्र ते सुचले होते.

आता दुसरी बाजू. नकाशावर फक्त कार्ड असलेली माणसे दाखवली तरी अर्धेच काम होते. कायद्यातली लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेवर बसवलेली आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के, एकूण सुमारे सात कोटी. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची ती लांबली. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून ती होईल असे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्येच हिशेब मांडला होता की जुन्या जनगणनेमुळे देशात दहा कोटींहून अधिक माणसे बाहेर राहिली आहेत. २०११ साली मी प्राथमिक शाळेतही नव्हतो. नवी मुंबईची लोकसंख्या तेव्हा अकरा लाखांच्या वर होती. त्यानंतर किती मनोरे उभे राहिले, ते बांधायला किती माणसे आली आणि त्यांतली किती येथेच राहिली, याचा कोटा कुठून येणार?

त्यात उत्पन्नाची मर्यादा. शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वर्षाला ५९ हजार रुपये असा आकडा ठरवला गेला. बाराने भागून पाहा: महिन्याला पाच हजारही होत नाहीत. नव्या मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीचे भाडे काय आहे हे आपल्या वर्गातल्या निम्म्या मुलांना माहीत आहे. भाडे भरणारा प्रत्येक माणूस या आकड्याने श्रीमंत ठरतो. हे लिहिताना मी थांबलो होतो, कारण हा आकडा कुणी काटेकोर लावला तर आमचेही काय होईल ते मला ठाऊक आहे. आईला विचारले, छापू का? ती म्हणाली, नाव नको टाकू म्हणजे झालं. वडील काहीच बोलले नाहीत. म्हणून वार्षिकाच्या संपादकांना विनंती करून हा लेख नावाशिवाय दिला आहे.

आणि याच कारणाने माझी नकाशावरची श्रद्धा थोडी डळमळीत आहे. मार्चमध्ये मी पुन्हा नकाशा करायला निघालो तेव्हा हातात कागद आणि फोन घेऊन पलीकडच्या झोपड्यांच्या गल्लीत गेलो. दोन बायकांनी दारे लावून घेतली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "तोडायला कधी येणार?" मी कॉलेजचा विद्यार्थी, रेशनचे विचारतो आहे, असे सांगितले तरी त्यांना पटेना. त्यांच्या अनुभवात मोजमाप करणारा माणूस आला की मागून पोकलेन येते. घरे नकाशावर आली की ती कुणाच्या तरी डोळ्यांवर येतात. उपाशी माणूस कुठे राहतो हे दाखवणारा नकाशा आणि अनधिकृत माणूस कुठे राहतो हे दाखवणारा नकाशा, हे दोन्ही कागद एकसारखेच दिसतात. फरक तो कुणाच्या टेबलावर आहे एवढाच.

वर्गातल्या चर्चेत एका मैत्रिणीने याच मुद्द्यावर मला अडवले. ती म्हणाली, मग नकाशा काढूच नये. मला हे पटत नाही. नकाशा न काढल्याने म्हाताऱ्यांची झोपडी वाचणार नाही. ती तोडणाऱ्यांकडे त्यांचे नकाशे आहेतच. न काढल्याने एवढेच होईल की धान्य त्या गल्लीत पोचणार नाही. मात्र काय दाखवायचे आणि काय नाही हे आपण ठरवले पाहिजे. मी माणसांच्या घरांऐवजी दुकाने उघडी पाडावीत या मताचा आहे. कोणते दुकान कधी उघडते, आज साठा किती, बाहेरच्या कार्डांना किती धान्य दिले, किती अंगठे नाकारले, या गोष्टी ठिपक्यावर याव्यात. आणि लोकांची संख्या घरावार न देता मोठ्या भागावार यावी. एखाद्या दुकानात बाहेरच्या कार्डांची गर्दी दिसली तर पुढच्या महिन्यात तेथे जास्त पोती जावीत. एखाद्या दुकानात भर वस्तीतही बाहेरचे कार्ड एकही नाही असे दिसले, तर दक्षता समितीने तेथे जाऊन विचारावे. कायद्याने दुकानापातळीपासून दक्षता समित्या सांगितल्या आहेत. त्यांच्या हाती असा एक कागद असला तर निदान बैठकीत चहाखेरीज काही विषय निघेल.

वेळेचा प्रश्न मला अंतराइतकाच मोठा वाटतो. २६ जानेवारी २०२० ला राज्यात दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा केंद्रे रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके, बाजार अशा वर्दळीच्या जागी काढायचे ठरले. जागा निवडण्याचा विचार उत्तम होता. वेळ मात्र दुपारी बारा ते दोन. मार्केटमध्ये पहाटे तीनला कामाला लागलेल्या हमालाची भूक बारापर्यंत थांबत नाही, आणि मनोऱ्यांत काम करणारी बाई दोनच्या आत मोकळी होत नाही. जागेचा नकाशा बरोबर आणि घड्याळ चुकीचे असेही होऊ शकते.

हे सारे एका नकाशाने सुटेल असे मला मुळीच वाटत नाही. धान्य मुळात कमी असेल तर ते कुठे कमी आहे एवढेच नकाशा सांगेल. कोटा वाढवणे, जनगणना करणे, ५९ हजारांचा आकडा बदलणे ही कामे दिल्लीत आणि मंत्रालयात व्हायची आहेत. पण आमच्या घरातले निम्मे हाल धान्य कमी म्हणून झाले नव्हते. धान्य होते, हक्क होता, दुकानही होते. कुठल्या दुकानात, किती वाजता, कोणत्या बोटाने, हे एका भांडी घासणाऱ्या बाईने दुसरीला सांगेपर्यंत आम्हांला माहीत नव्हते. तीच माहिती यंत्रांत रोज जमा होत असते आणि ज्यांच्या अंगठ्यांनी ती जमा होते त्यांनाच ती परत मिळत नाही, ही माझी तक्रार आहे.

माझ्या प्रात्यक्षिकाला दहापैकी सात गुण मिळाले. सरांनी निष्कर्षाखाली लाल शाईने 'कशावरून?' असे लिहिले होते. दुसरा नकाशा मी गुणांसाठी केलेला नाही. त्यात वर्तुळे नाहीत. रूळ, कारशेड, महामार्ग, पूल आणि पुलाच्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक दुकानापुढे दोन आकडे आहेत: रिकाम्या हातांनी लागणारी मिनिटे आणि वीस किलो घेऊन लागणारी मिनिटे. दुसरा आकडा मी स्वतः पिशव्या उचलून काढला. दोन दिवस खांदे दुखले आणि वडील मनसोक्त हसले. आईने त्यात एक दुरुस्ती केली. रुळांपलीकडच्या दुकानापुढे तिने मला लिहायला लावले, 'पावसात पुलाखाली पाणी भरते, वरून जावे.'

तो नकाशा भूगोल विभागाच्या भिंतीवर लावला आहे. तुर्भ्याच्या बाजूचा भाग अजून कोरा आहे. म्हाताऱ्या गृहस्थांच्या गल्लीत मी दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे, या वेळी आईला बरोबर घेऊन. रविवारी ज्यांना वेळ असेल त्यांनी यावे; पिशव्या आमच्याकडे आहेत.